पडद्यावर नसलेलं उत्तर

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज फार चांगला. आम्ही ख्रिस्ती, गावातल्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्या देवळात रविवारच्या उपासनेला शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा मोठ्यानं वाचायचं काम, दादाच करायचे. शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा त्यांनी धडा वाचायला घेतला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प बसायची, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयाचं अध्यक्षपद घेतलं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीला चिकटून असलेली एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, समोर ओटा, आणि सकाळी ओट्यावर पेपर वाचायला येणारी ठरलेली माणसं. कपाटं दादाच उघडायचे आणि दादाच लावायचे. पेपर वाचणारी माणसं सहसा आत येत नसत.

मी राहुरीत असते. सासर तिथलंच. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि शाळांतले, दुकानांतले कॉम्प्युटर अडले की जाऊन बघते. माहेर स्कूटरवर फार लांब नाही. आई गेल्यापासून आठवड्यातून एकदा तरी माझी गावाला चक्कर असायचीच.

दादांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. त्यानं वाचनालयाला एक कॉम्प्युटर दिला, आणि मग त्याच्याच डोक्यातून एआयची गोष्ट निघाली. तो फोनवर मला म्हणाला, "ताई, एजंट म्हणून एक प्रोग्रॅम असतो. आपल्याच कॉम्प्युटरवर बसतो. प्रश्न विचारला की फोल्डरमधल्या फायली स्वतः उघडतो, वाचतो आणि उत्तर लिहून देतो. सरांकडे शेतीच्या इतक्या पुस्तिका आहेत, त्या कोण वाचतंय? हा वाचेल."

पुस्तिका खरंच खूप होत्या. कांदा, ऊस, डाळिंब, जनावरांचे आजार, विहिरीचं पाणी. दादांनी त्या वर्षानुवर्षं जमवल्या होत्या, आणि मला वाटतं सगळ्या वाचलेले गावात ते एकटेच होते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवल्या आणि तो प्रोग्रॅमही बसवला.

एक गोष्ट फक्त राहिली होती. प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर असला तरी त्याचं डोकं लांब कुठेतरी कंपनीच्या मशीनवर असतं. तिथं पोचायला अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ लागते. तिला 'की' म्हणतात. दादांना मी किल्ली म्हणून सांगितलं. ती किल्ली तो विद्यार्थी स्वतःच्या नावावर खातं काढून पाठवणार होता. "तोवर तुम्ही बसवून, तपासून ठेवा," असं त्यानं सांगितलं.

किल्ली नसतानाही बरंच तपासता येतं. प्रोग्रॅमला त्याचा आवृत्ती क्रमांक विचारला, त्यानं सांगितला. मदतीचं पान उघडलं. मग तपासणीची एक कमांड असते, ती दिली. ती एकेक गोष्ट बघत, हिरव्या खुणा करत खाली येते. फोल्डर सापडलं, फायली वाचता येतात, इंटरनेट आहे, असं करत करत शेवटी एक लाल ओळ आली, इंग्रजीत: किल्ली मिळाली नाही. तशी ओळ येणंच बरोबर होतं. किल्ली नसताना प्रोग्रॅम भलतंच काही बोलला असता तर काळजी करावी लागली असती. मी समाधानानं खुर्चीत मागे टेकले. दादा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"लाल आलं," ते म्हणाले.

"यायलाच हवं होतं, दादा. बाकी सगळं नीट बसलंय."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्या प्रोग्रॅममध्ये सरावाची एक सोय होती. त्यात तो लांबच्या डोक्याकडे जातच नाही. प्रश्न घेतो, फायली उघडतो, आणि उत्तराच्या जागी आपणच आधी लिहून ठेवलेलं नमुन्याचं वाक्य छापतो. सांधे नीट जुळलेत का, एवढंच त्यातून कळतं. मी नमुन्याचं वाक्य मराठीत, आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटल्यावर म्हणतो त्या सलामनं सुरू करून, लिहिलं: "सलाम. आपला प्रश्न मिळाला. वाचनालयात आपलं स्वागत आहे." मग दादांना म्हटलं, विचारा काहीतरी. त्यांनी उसावरच्या हुमणी किडीबद्दल विचारलं. पडद्यावर पुस्तिकांची नावं भराभर सरकली आणि खाली ते वाक्य उमटलं.

दादा ताडकन उभे राहिले. "मराठीत बोललं! सलाम म्हणालं!"

"ते मीच लिहून ठेवलंय, दादा. नमुना आहे. खरं उत्तर किल्ली आल्यावर."

"हो, हो. पण झालं ना?"

"बसवायचं काम झालं."

मी हे पुन्हा एकदा, खाली बसवून, नीट समजावून सांगायला हवं होतं. पण आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, आणि त्या खुशीत मला माझा वाटा हवा होता. मी सरावाची सोय काढून टाकली, कॉम्प्युटर बंद केला आणि आम्ही घरी जाऊन चहा प्यायलो.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. रविवारी उपासना सुटली की उद्घाटन, सरपंच नारळ फोडणार, देवळाचे पाळकसाहेब प्रार्थना करणार. मी पुण्याला फोन लावला. विद्यार्थी म्हणाला, "होतंय ताई, शनिवारी पाठवतो." शनिवारी म्हणाला, "सकाळी नक्की." रविवारी सकाळी मी वाचनालयात मोबाईल हातात धरून उभी होते आणि बाहेर सतरंज्या अंथरल्या जात होत्या.

दादांच्या कानाशी जाऊन मी म्हटलं, "अजून आली नाही."

"येईल. भाषणं होईपर्यंत येईल." त्यांनी आईनं विणलेला स्वेटर घातला होता आणि केस पाणी लावून चापून बसवले होते.

नारळ फुटला. प्रार्थना झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी दोन शब्द सांगितले. मी मोबाईल बघत होते. मग सगळे आत आले आणि सरपंच टेबलाच्या पलीकडे येऊन उभे राहिले. पडद्याची पाठ लोकांकडे होती. पडदा दिसत होता तो फक्त मला आणि दादांना.

"आता सर, ह्या मशीनला माझाच प्रश्न इचारा पहिला," सरपंच म्हणाले. "माझ्या कांद्याच्या पातीवर जांभळे ठिपके पडल्यात, शेंडं वाळायलेत. काय करू?"

मी प्रश्न टाइप केला. का केला, तर हात काहीतरी करत राहिले म्हणजे बोलावं लागणार नव्हतं. एंटर दाबलं. लाल ओळ आली. तीच.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, पडद्याकडे वाकले आणि वाचायला लागले.

"पातीवर जांभळट, लांबट चट्टे पडून शेंडे वाळत असतील तर तो करपा असण्याची शक्यता आहे," दादा वाचत होते. तोच आवाज, देवळातला. "वाफ्यात पाणी साचू देऊ नये. रोगट पात उपटून बांधावर टाकू नये, लांब नेऊन नष्ट करावी. फवारणीचं औषध आणि प्रमाण कृषी सहायकांना पात दाखवूनच ठरवावं." मधे ते ओळ संपल्यासारखे थांबले. "पुढे आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी माऊसचं चाक फिरवलं. पडद्यावर सरकण्यासारखं काही नव्हतं. तरी मी चाक फिरवलं, दोनदा, आणि दादांनी पुढचं वाचलं.

टाळ्या पडल्या. सरपंच म्हणाले, "आयला, हे तर लई हुशार निघालं!" सगळ्यांना पेढे वाटले. दादांना शाल दिली, मलाही एक दिली. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "देवानं दिलेल्या बुद्धीचा उपयोग केलास." मी मान खाली घातली, ती त्यांना नम्रता वाटली असणार.

सगळे गेल्यावर मी दार लोटून घेतलं. "दादा, हे काय केलंत?"

ते शालीची घडी घालत होते आणि ती नीट बसत नव्हती. "उत्तर चुकीचं होतं का?"

"नाही."

"कांद्याच्या पुस्तिकेत शब्दन् शब्द तेच आहे. किल्ली आली की यंत्रही तेच सांगेल. चार दिवसांचा प्रश्न आहे. एवढी माणसं आली होती, बाळ. परत पाठवायची का त्यांना?" मग जरा हसून म्हणाले, "मला मधेच पुढचं आठवेना. तू चाक फिरवलंस, तेवढ्यात सुचलं."

ते कौतुकानं म्हणाले होते. मी शाल पिशवीत कोंबली आणि राहुरीला निघून आले.

किल्ली चार दिवसांत आली नाही. विद्यार्थी कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेला, मग त्याच्या खात्याची काही भानगड झाली. मी फोन करत होते. आणि गावात लोक वाचनालयात यायला लागले होते. ओट्यावरून आत यायला लागले होते. दादा संध्याकाळी, पडद्याची पाठ लोकांकडे तशीच ठेवून, कॉम्प्युटर चालू करून समोर बसायचे, प्रश्न ऐकायचे, दोन बोटांनी टाइप करायचे आणि पडद्याकडे बघत उत्तर वाचायचे. ठाऊक नसेल तिथं ते फुशारकी मारायचे नाहीत, हे मला मान्य करावं लागेल. कुणाची गाय चारा खाईना तेव्हा त्यांनी "यंत्र म्हणतंय, ताबडतोब डॉक्टरला बोलवा" असंच वाचलं. पण वाचलं.

फोनवर ते मला सगळं सांगायचे. एकदा म्हणाले, "तुला गंमत सांगतो. ह्याच पुस्तिका घेऊन मी इतकी वर्षं इथं बसलोय. कुणी येऊन विचारलं नाही, सर, माझ्या डाळिंबाचं काय करू? आता रांग लागते."

मी म्हटलं, "दादा, लोकांना सांगून टाकू या."

"किल्ली आली की सांगायची गरजच उरणार नाही."

आणि मी फोन ठेवला. मला एवढंच हवं होतं, की किल्ली यावी आणि आमच्या हातून झालेलं सगळं आपोआप खरं व्हावं.

असाच एक शनिवार होता. दुपारी मी वाचनालयात दादांबरोबर बसले होते, बाहेर कुणी नव्हतं. देवळाच्या मागच्या आळीतली एक मावशी आत आली. मी लहान असल्यापासून तिला ओळखते. नवरा वारलेला, मुलगा पुण्याकडे. ती खुरपणीला जाते आणि देवळात गाणाऱ्या बायकांत मागे उभी राहते. ती दारातच थांबली.

"सर, तुमी वाईच भाईर बसता का?" ती म्हणाली. "मला मशीनशी बोलायचंय. टाइप तुमच्या लेकीनं करावं. ती बाईमानूस हाय."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. त्यांनाही वाटलं असेल मी बोलेन. ते उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. मावशीनं दार लोटलं आणि ती माझ्या शेजारच्या खुर्चीच्या काठावर टेकली.

"हे कुनाला सांगत न्हाई ना?"

"कोण?"

"मशीन."

"नाही," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"मानसाला सांगायचं म्हंजी त्येच्या तोंडाकडं बघावं लागतं. मंग त्ये तोंड रोज दिसतं. देवळात दिसतं, बाजारात दिसतं." तिनं पदराआड हात नेला. "हितं गाठ हाय. उन्हाळ्यापासनं हाय. दुखत न्हाई. मला येवढंच इचार, न दुखनारी वाईट का दुखनारी वाईट?"

तिनं बोलायच्या आधी मला थांबवता आलं असतं. खोलीत आली तेव्हा, दादा उठले तेव्हा, तिनं मशीन कुणाला सांगतं का विचारलं तेव्हाही. मी थांबवलं नाही. तिचं बोलणं पुरं होऊ दिलं, आणि मग तिनं विचारलेलं अक्षरशः टाइप केलं. माझी बोटं नेहमीसारखीच चालली. लाल ओळ आली.

"काय म्हनतंय?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या लाल ओळीकडे बघत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं. "डॉक्टरांना लगेच दाखवा, असं म्हणतंय," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते बरोबरही होतं. खरं यंत्र असतं तर त्यानंही तेच सांगितलं असतं. ती ऐकून उठली असती, दवाखान्यात गेली असती आणि आपण मशीनलाच सांगितलं, माणसाला नाही, असंच तिला कायम वाटत राहिलं असतं. बाहेर दादा खाकरले. ते खाकरणं ऐकून मला त्यांचा वाचायचा आवाज आठवला आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघेना.

"मावशी, हे चालू नाही," मी म्हटलं.

"लाईट तर हाय की."

"लाईट आहे. प्रोग्रॅम मीच बसवलाय, नीट बसलाय. पण त्याला बोलायला एक किल्ली लागते, ती आमच्याकडे नाही. आलीच नाही अजून."

"आन् सर वाचत्यात ते?"

मी लोटलेल्या दाराकडे बघितलं. तिनंही तिकडे बघितलं. मग तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, थंडी वाजल्यासारखा.

"म्हंजी ही समदी गोष्ट मशीननं न्हाई, तू ऐकली."

"मावशी, मी येते तुमच्याबरोबर. सोमवारी नगरला जाऊ. मी—"

"ग्वाड बोलू नको." ती उठली. दार उघडलं. ओट्यावर दादा उभे राहिले होते. आत काय बोलणं झालं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण तिचा चेहरा त्यांना दिसला. तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि आवाज न चढवता विचारलं, "सर, तुमी देवळात वाचता, त्ये तरी पुस्तकात असतं ना?"

दादांनी ओट्याचा खांब धरला. ती पायऱ्या उतरून गेली.

तिनं मला काय विचारलं ते मी दादांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. ते आत आले, कॉम्प्युटर त्यांनी स्वतः बंद केला, आणि म्हणाले, "सरपंचांना फोन लाव. संध्याकाळी सगळ्यांना ओट्यावर बोलव."

"सगळ्यांना?"

"टाळ्या वाजवायला सगळेच होते."

सगळे आले नाहीत, पण बरेच आले. सतरंज्या नव्हत्या. माणसं उभी होती, काही मोटारसायकलवर बसूनच होती. दादा पायरीवर उभे राहिले. त्यांनी चष्मा लावला नव्हता. "यंत्र एकदाही बोललेलं नाही," ते म्हणाले. "पडद्यावर काही नव्हतं. मी माझ्या मनातलं, पुस्तिकेतलं तुम्हाला वाचून दाखवत होतो. मी तुम्हाला फसवलं."

त्यांचा आवाज त्या दिवशी कसाबसा मागच्यांपर्यंत पोचला. कुणीतरी हसलं. सरपंच पुढं आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सर, मी तालुक्याच्या मीटिंगमधी सांगितलं हो ह्ये! समद्यांफुडं! आमच्या गावात मशीन हाय म्हनून!"

"माझं चुकलं."

"चुकलं काय, सर? आता मी तोंड कुठं दाखवू?"

एकजण मागून म्हणाला, "मंग सरळ सांगायचं की, मी सांगतो म्हनून. आमी काय न्हाई म्हनलं असतं?"

इतक्या वर्षांत कुणी येऊन विचारलं नाही, हे दादांच्या ओठांवर आलं असणार. त्याऐवजी ते म्हणाले, "पोरीचा यात काही दोष नाही. तिनं तिचं काम बरोबर केलं होतं. किल्ली नाही हे तिनं मला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. मी ओट्याच्या भिंतीला टेकून उभी होते. बोलायची वेळ ती होती. मी म्हणायला हवं होतं, मी पण होते, मी चाक फिरवलं. मी पायातल्या चपलेकडे बघितलं. एक बाई शेजारून हळू म्हणाली, "बिचारीला उगाच तरास झाला." मी तिलाही काही म्हटलं नाही.

त्या रविवारी दादा शास्त्रवाचनाला उभे राहिले नाहीत. पाळकसाहेबांना त्यांनी घसा बसलाय म्हणून सांगितलं नाही. खरं कारण सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, क्षमा मागितलीत, संपलं. दादा म्हणाले, मला अजून वाचवत नाही. तेव्हापासून शाळेतल्या एक शिक्षिका वाचतात. त्या जरा घाईनं वाचतात. दादा तिसऱ्या बाकावर बसून आपलं पुस्तक उघडून प्रत्येक शब्दावर बोट ठेवत ऐकतात.

पुढं किल्लीही आली. मी ती घातली, तपासणीची कमांड दिली, सगळ्या खुणा हिरव्या झाल्या. प्रोग्रॅम उत्तरं द्यायला लागला. काही चांगली, काही गोल गोल. आता ग्रामपंचायतीतला ऑपरेटर तो चालवतो. दादांनी अध्यक्षपद सोडलं. लोक येतात, पण पूर्वीइतके नाहीत. एकदा मी मनाचा हिय्या करून सरपंचांकडे गेले आणि त्यांना चाकाचं सांगितलं. ते घाईत होते. "कसलं चाक?" म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "जाऊ द्या ताई, झालं गेलं," असं म्हणून ते गाडीवर बसून गेले. सांगून हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

पण मावशीचं सांगायचं मधेच राहिलं. त्या शनिवारनंतर लगेचच्या सोमवारी सकाळी मी क्लासला सुट्टी टाकली आणि तिच्या घरी गेले. दाराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, कालव्याच्या कडेला खुरपणीला गेली. मी शेतात गेले. बायका ओळीनं बसल्या होत्या, ती टोकाला एकटी होती. मी तिच्या शेजारच्या वाफ्यात बसले आणि गवत उपटायला लागले. तिनं अर्धा वाफा खुरपला.

"कांदा उपटतीस तू," शेवटी म्हणाली. "गवत ऱ्हातंय आन् कांदा निघतोय."

मी हात थांबवला. "मावशी, मला माफ करा. तुम्ही बोलायच्या आधीच मी सांगायला हवं होतं."

"व्हय. हवं हुतं." ती खुरपत राहिली. वाफा संपला तेव्हा तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "नगरला किती वाजता गाडी हाय?"

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. मावशी मला म्हणाली, "तू आत यायचं न्हाई." मी बाहेर बाकावर बसले. तपासण्या झाल्या, पुन्हा एक खेप झाली, मग गाठ काढायचं ठरलं. मुलगा पुण्याहून आला, त्याला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी डबा घेऊन गेले की ती डबा घ्यायची आणि म्हणायची, "ठेव तिथं." काढलेल्या गाठीचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघीच गेलो. ती आत गेली, बाहेर आली, आणि चालता चालता म्हणाली, "साधी हुती." मला एकदम रडू आलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

स्टँडवर आम्ही चहा घेतला. तिनं बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायला. मग म्हणाली, "तू तवा मशीनचं नाव घेऊन सांगितलं असतंस, दवाखान्यात जा, तर मी त्याच दिवशी गेले असते. सुखानं गेले असते."

"माहीत आहे, मावशी."

"मंग का न्हाई सांगितलं?"

सांगितलं असतं तर ते दादांसारखंच झालं असतं, असं म्हणता आलं असतं; पण ते दादांवर ढकलणं झालं असतं, आणि ते मी एकदा ओट्यावर करून चुकले होते. ती वाट बघत होती. तेवढ्यात गाडी लागली आणि आम्ही चढलो. तिला खिडकी मिळाली. वाटेतला वांबोरी फाटा गेला तरी ती बाहेरच बघत होती.

राहुरी आल्यावर मी उठले. ती पुढे गावाला जाणार होती. "सलाम, मावशी," मी म्हटलं. तिनं मान हलवली, की गाडी थांबतानाच्या धक्क्यानं ती आपोआप हलली, मला खाली उतरल्यावरही नक्की सांगता आलं नाही.